एका नावाचे दोघे

१

कयाकच्या, म्हणजे एकट्या शिकाऱ्याच्या कातडी होडीच्या, शिवणींना चरबी चोळायचं काम बायकोचं. नवरा कितीही मोठा शिकारी असो, पाण्यावर त्याचा जीव तरंगतो तो बायकोच्या टाक्यावर, हे ग्रीनलँडच्या त्या किनाऱ्यावर मुलींना सुई धरायला शिकवतानाच सांगून ठेवतात. केतुराला तिच्या आईने सांगितलं होतं. सुई कातड्याच्या आरपार न्यायची नाही. निम्म्या जाडीत शिरवायची आणि तिथूनच वळवून बाहेर काढायची, म्हणजे पाण्याला आत यायला भोकच राहत नाही. मग वरून चरबी, अंगठ्याने दाबून, टाक्याटाक्यात.

त्या सकाळीही ती तेच करत होती. दिवस भरत आले होते, त्यामुळे धड वाकता येत नव्हतं.

"राहू दे गं," एनोक म्हणाला, "हात पोचत नाही तर पोटानेच घासशील की काय!"

"आणि तू बुडालास म्हणजे? तुझी आई मला फाडून खाईल."

"मी बुडाल्यावर आई तुला काय काय बोलते, ते ऐकायला मी नसेन. तेवढंच सुख!"

तो हसला, पाय लांब करून कयाकमध्ये शिरला आणि कमरेभोवतीचं कातडं बसायच्या गोलावर घट्ट ओढून घेतलं. समुद्र तव्यासारखा सपाट होता. डोंगर पाण्यात उलटे उभे होते आणि ते कुठून सुरू होतात ते कळत नव्हतं. केतुराला असलं पाणी आवडत नसे. लाटेला शिकारी भीत नाहीत; या काचेला भितात. एकटा माणूस त्यावर फार वेळ बसला की त्याचं डोकं फिरतं, हात लाकडाचे होतात आणि वल्हं मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहतो. असे काही धडधाकट बाप्ये वस्तीत होते. ते पुन्हा कधी समुद्रावर गेले नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे.

"वारा सुटेपर्यंत थांब की," ती म्हणाली.

"सील काय वाऱ्याची वाट बघत बसलेत?"

तो परत आला नाही. पुरुषांनी खाडी पालथी घातली, बेटांच्या मागे जाऊन हाका मारल्या. बुडालेल्या माणसाचं काहीतरी सापडतंच: वल्हं, नाहीतर सील मारायच्या भाल्याला बांधायचा कातडी फुगा. एनोकचं काहीच सापडलं नाही.

२

विधवेच्या वाट्याला मांस येतं, पण ते शेवटी येतं. देणारा देताना दुसरीकडे बघतो, म्हणजे तुकडा केवढा आहे हे दोघांनाही बघावं लागत नाही. केतुरा ते तुकडे घेत होती, दिव्याची वात कमी करत होती, आणि खाडी गोठत असताना तिला मुलगा झाला.

तिची सासू यूदिथा हिने त्याला पुसून घेतलं आणि तिथेच विषय काढला. माणूस गेला की त्याचं नाव पुढच्या जन्मणाऱ्या पोराला द्यायचं आणि नावाबरोबर त्याची सगळी नातीही द्यायची, ही साऱ्या ग्रीनलँडातली रीत. पोर मग नुसतं पोर राहत नाही. गेलेला माणूसच घरी परत आला असं धरतात.

"त्याचं नाव उघड्यावर पडलंय केतुरा. बर्फात. तुला झोप कशी लागते?"

"तो गेलाय हे पाहिलंय कुणी, आई?"

"मी त्याची आई आहे. मला पाहावं लागत नाही."

"बर्फ फुटेपर्यंत थांबू या. कदाचित..."

"तोवर हे पोर बिननावाचं ठेवायचं? रिकामं भांडं उघडं ठेवलंस तर त्यात काय पडेल ते सांगता येतं का?"

केतुरा दमलेली होती, आणि दमलेल्या बाईला हो म्हणणं सोपं जातं. प्रार्थना घेणारे गाब्रिएल मास्तर आले. जन्मल्यापासून पोर किरकिरत होतं; कपाळाला पाणी लागलं, "एनोक" हा शब्द उच्चारला गेला आणि ते गप्प झालं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. यूदिथाने त्याला छातीशी धरलं. "आलास रे लेका! किती वाट बघायला लावलीस आईला!"

पहिल्यांदा केतुराच्या ओठांवर ते नाव जड झालं. मग सवय झाली. शेजारची अमालिया दारातून वाकून आत आली की विचारायची, "काय गं, दादला झोपू देतो का?"

"कसला! आधी घोरायचा, आता रडतो."

"निदान कॉफी तरी मागत नाही. तुझं बरं चाललंय बाई!"

त्या हसायच्या. केतुरा पोराला पाजताना सांगायची, एनोक, आज तोबियासने वालरस मारला. एनोक, तुझी आई आज मला पुन्हा बोलली. पोर टक लावून ऐकायचं. हिवाळा असा गेला. वाईट गेला असं तिला म्हणता आलं नसतं.

३

बर्फ फुटला आणि एका वारा नसलेल्या दिवशी टेकडीवरची मुलं ओरडली, "कयाक! कयाक!"

तिथे माणूस चेहऱ्याच्या आधी वल्ह्यावरून ओळखतात. प्रत्येकाची चाल वेगळी. अजून तो ठिपक्याएवढा होता, तेव्हाच तोबियास म्हणाला, "हा तर एनोक!" यूदिथा बुटांसकट पाण्यात शिरली होती.

तोच होता. जरा बारीक झालेला, दाढी वाढलेली. किनाऱ्यावर कॉफी आली, पाव आला, माणसं त्याच्याभोवती बसली.

"त्या दिवशी पाणी काचेसारखं होतं," त्याने सांगितलं. "माझ्या कयाकखाली दुसरी कयाक. उलटी. तिच्यातही मीच. बघता बघता डोकं फिरलं. मी वल्हं मांडीवर ठेवलं. खालचा काही थांबला नाही."

तोबियास हसला, पण एकटाच. "मग रे?"

"मग दक्षिणेला कुठेतरी लागलो. एक म्हातारी होती. तिने ठेवून घेतलं."

कुठल्या खाडीत, कुणाची म्हातारी, तिचा मुलगा कोण, हे कुणी विचारलं नाही. एरवी पाहुणा आला की ही माणसं असले प्रश्न विचारून त्याला रडकुंडीला आणतात. त्या दिवशी सगळ्यांना घाईघाईने आनंद झाला होता. गेल्या हिवाळ्यात वस्तीत शिकारी कमी पडले होते.

केतुरा मुलाला पाठीवरच्या झोळीत घेऊन कयाकपाशी उभी होती. काय करावं ते न सुचून ती खाली बसली आणि सवयीने शिवणीवरून हात फिरवला. शिवण तिचीच होती. टाक्यांवरची चरबी मऊ होती. पिवळीधमक, कालपरवा लावल्यासारखी. आणि तिच्यात अंगठ्याचे ठसे होते, एकाला लागून एक, प्रत्येकावर आडवी चीर. तशी चीर केतुराच्या अंगठ्यावर होती. लहानपणी सुरीने कापलं होतं, त्याची.

चरबी मिठाच्या पाण्यात आठवडाही टिकत नाही. त्या म्हातारीने लावली असेल, तिने स्वतःला सांगितलं. म्हाताऱ्या बायकांचे हात सगळे कापलेलेच असतात. तिने उठताना ते ठसे आपल्या अंगठ्याने पुसून टाकले. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की एवढ्या गडबडीत पोर रडलं नव्हतं. तिने त्याला झोळीतून पुढे घेतलं. डोळे उघडे होते. पाय बर्फासारखे गार होते.

४

घर एका खोलीचं. दगडमातीच्या भिंती, आतून फळ्या, मागच्या अंगाला सगळ्यांनी झोपायचा ओटा. आत यायला लांब, बुटका बोळ, त्यातून वाकूनच यावं लागे. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, म्हणून जो दमेल तो दमेल तेव्हा झोपतो.

एका दुपारी एनोक शिकारीहून येऊन आडवा झाला. त्याच्या पलीकडे मूल झोपलं होतं. केतुरा खिडकीशी बूट शिवत बसली होती. भांड्यात मांस रटरटत होतं, ते तिने उतरवून ठेवलं, आणि खोली एकदम शांत झाली.

तिला कळायला जरा वेळ लागला. खोलीत श्वास एकच चालू होता. एनोकची छाती वर यायची, खाली जायची आणि थांबायची. ती थांबली की मुलाचं पांघरूण हलायचं. ते थांबलं की पुन्हा एनोक. दोन माणसांनी एका कपातून आळीपाळीने कॉफी प्यावी, तसं. दोघांचा श्वास एका वेळी एकदाही आला नाही.

योगायोग असेल. कातडं ताणणाऱ्या दोन बायकांचे हातसुद्धा एका लयीत पडायला लागतात. ती उठली, मुलाला उचललं आणि घराबाहेर टेकडीच्या पार मागे, जिथून वस्ती दिसत नाही तिथे जाऊन बसली. हळूहळू मुलाच्या गालांवर रंग आला. ते खोकलं, रडलं, दूध प्यालं. तिला इतकं बरं वाटलं की तीही रडली.

परत आली तेव्हा एनोक ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकून बसला होता. ओठ निळे.

"कुठे गेली होतीस?" धाप टाकत तो म्हणाला. रागावला नव्हता. "त्याला लांब नेत जाऊ नकोस."

तो भरत गेला आणि मूल वाळत गेलं. वस्तीत सगळे आता त्यालाच एनोक म्हणत. मुलाला कुणी 'धाकटा' म्हणे, कुणी 'ते'. मुलाला नावाने हाक मारणारी केतुरा एकटी उरली. मोठ्याला ती नावाने हाक मारत नव्हती, आणि हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"माझं नाव का घेत नाहीस?" एकदा जेवताना त्याने विचारलं.

"तोंडात येत नाही."

"येईल," तो म्हणाला आणि तिच्या ताटलीत चांगला तुकडा ठेवला.

ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणाले, "अगं, आपल्या वस्तीत दोन योहान आहेत आणि दोघंही लठ्ठ आहेत! देवाकडे नावांची टंचाई नाही."

"ती नावं दोघं जिवंत असताना ठेवलेली. पोराचं नाव हा मेला म्हणून ठेवलेलं."

"पण मेला नाही ना? मग आनंद मान की, बाई!"

मग तिने अमालियाला सांगितलं. ती मांस कापता कापता ऐकत होती. तो आल्यापासून तिच्याही घरात मांस होतं. "तो सील आणतोय ना?" ती म्हणाली. "मग जास्त खोलात कशाला शिरतेस?"

शेवटी केतुराने सासूपाशी विषय काढला. "आई, पोराचं नाव बदलू या. आजारी पोराचं बदलतात."

"आणि हे नाव जाईल कुठे?"

"ज्याचं आहे त्याच्याकडे."

यूदिथा कितीतरी वेळ दिव्याची वात सारखी करत राहिली. "म्हणजे ते त्याच्याकडे नाहीये असं तुला वाटतं."

"तुम्ही त्याच्या अंगाला हात लावून पाहिलाय, आई?"

"पाहिलाय."

"मग?"

"माझा मुलगा घरी आलाय," म्हातारी म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "मला काही विचारू नकोस."

त्या दिवशी केतुराला आपली अडचण स्वच्छ कळली. मुलाचं नाव काढून याला दिलं, तर मूल वाचेल. पण मग जे काही तिच्या ओट्यावर झोपत होतं, ते कायमचं एनोक होईल. आणि तो, जो पोटावरून तिची थट्टा करत होता, तो जर पाण्याखाली असेल, तर त्याला परत यायला या जगात जागाच राहणार नाही. या मुलाच्या नावाएवढीच होती ती जागा.

तिला दोन्ही हवे होते. म्हणून तिने तिसरंच काहीतरी ठरवलं.

५

उन्हाळ्यात कयाकचं जुनं कातडं काढून नवं चढवतात. ओली कातडी सांगाड्यावर ताणून, ती वाळायच्या आत शिवून व्हावं लागतं, म्हणून सगळ्या बायका एकत्र बसतात. कॉफीवर कॉफी होते, कुणाकुणाची उणीदुणी निघतात. खालची लांब शिवण मात्र घरच्या बाईची. तिला दुसरी हात लावत नाही.

केतुरा शिवत होती. तिने सुई आरपार घालायचं ठरवलं होतं. पण हात ऐकेना. सुई आपोआप निम्म्यात वळायची, आईने शिकवलं होतं तशी. तिला प्रत्येक टाक्याला हातावर जबरदस्ती करावी लागली. ठरवून वाईट शिवणं इतकं कठीण असेल हे तिला माहीत नव्हतं. यूदिथाच्या डोळ्यांना आता सुईचं काम दिसत नव्हतं, आणि अमालिया कुणाच्या तरी लग्नाची नक्कल करून दाखवत होती.

"तू का हसत नाहीस गं?" कुणीतरी विचारलं.

"टाके मोजतेय," केतुरा म्हणाली.

त्या शिवणीला तिने चरबी लावली नाही.

कातडं वाळल्यावर एनोक कयाक बघायला आला. तो गुडघ्यावर बसला आणि खालच्या शिवणीवरून बोट फिरवत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधे एके ठिकाणी बोट थांबलं. त्याने मान वर करून केतुराकडे पाहिलं. तिला वाटलं, हा आता बोलेल, आणि मी सगळं कबूल करेन, आणि संपेल एकदाचं.

तो हसला. "छान झालीय," म्हणाला आणि कयाक खांद्यावर घेऊन पाण्याकडे चालू लागला.

६

पाणी पुन्हा त्या दिवसासारखं सपाट होतं. केतुरा किनाऱ्यावर मासे वाळत घालत राहिली. मुलाला तिने यूदिथाकडे घरात ठेवलं होतं. दर वेळी वाकताना ती मनात म्हणे, तो खरंच एनोक असला तर? तर मी माझ्या नवऱ्याला मारलंय. आणि नसला तर? याचं उत्तर तिला सुचत नव्हतं.

दुपार कलली तेव्हा तो बेटामागून आला. सील मारून आणला होता, मागे दोरीला बांधलेला. माणसं आरडाओरडा करत पाण्यात उतरली आणि दोरी ओढत सीलच्या मागे लागली. एनोककडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

केतुराचं होतं. कयाक फार खाली बसली होती. ओल्या ओंडक्यासारखी ती पाण्याच्या पातळीत येत होती. पुढचं टोक आणि मागचं टोक तेवढं वर. ती काठाला टेकली तेव्हा केतुराने बसायच्या गोलातून आत पाहिलं. कमरेभोवतीचं कातडं सुटलं होतं. कयाक काठोकाठ भरली होती. हिरवं, गार, बाहेरच्यासारखंच पाणी, आणि त्यात तो कमरेपर्यंत बसला होता, शांत, वल्हं मांडीवर आडवं. पाण्यात त्याचे पाय दिसायला हवे होते. तिने पाहिलं. मग पुन्हा पाहिलं नाही.

भरलेली कयाक बुडते. हे सांगायला शिकारी लागत नाही.

"शिवण जरा सैल राहिलीय," एनोक हळू आवाजात म्हणाला, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं. "असू दे. मला त्याचं काही होत नाही. तूच उगीच कष्ट घेतलेस."

ती वळली आणि पळाली. बोळातून वाकून आत शिरतानाच तिला सासूचं ओरडणं ऐकू आलं. "केतुरा! हा श्वास घेत नाहीये! केतुरा!"

मूल यूदिथाच्या मांडीवर होतं. तोंड उघडं, छाती स्थिर. केतुराने त्याला उचललं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात तोंड घालून फुंकलं. "एनोक," ती ओरडली. "एनोक, एनोक!" तिने त्याला आजवर जितक्यांदा या नावाने हाक मारली होती, त्या सगळ्या हाकांची ताकद लावून. काही झालं नाही.

मागे बोळात पाणी ठिबकण्याचा आवाज आला. तो आत आला नव्हता. बोळाच्या तोंडाशी वाकून थांबला होता, परक्या घरी बोलावल्याशिवाय येऊ नये तसा.

"हाक मार," तो म्हणाला. आवाजात धमकी नव्हती. थकवा होता, आणि थोडं अजिजीसारखं काहीतरी. "मला, केतुरा. त्याला नको."

यूदिथा डोळे गच्च मिटून बसली होती. मुलाचे ओठ काळे पडत होते.

केतुराने त्या काचेसारख्या पाण्याकडे, ज्यातून आता कुणीच येणार नव्हतं, मनातल्या मनात पाठ फिरवली. मग ती बोळाकडे वळली.

"एनोक," ती म्हणाली. "ये. आत ये. घरी ये."

तिच्या हातातलं मूल खोकलं, आणि रडायला लागलं. बोळातून पुढे आलेल्या माणसाने भरून श्वास घेतला. दोघांनीही एकाच वेळी.

७

मूल जगलं. गुटगुटीत झालं, चालायला लागलं, दगड फेकायला लागलं. एनोक चांगला शिकारी आहे, बायकोवर हात उगारत नाही, वस्तीला वाटा देतो. केतुरा किती नशीबवान, असं लोक म्हणतात, आणि तिच्या दारी आता मांसाचा पहिला तुकडा येतो.

मुलाला नाव नाही. मास्तर दोनदा येऊन गेले. तिने दोन्ही वेळा त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. नाव म्हटलं की ते कुणाचं तरी असतं. मग ते मागायला कुणीही येऊ शकतं. असं तिचं म्हणणं, पण ते ती कुणाला सांगत नाही. वस्तीतल्या इतर पोरांना कुणी काका म्हणतं, कुणी आजोबा, कुणी 'माझी गेलेली बहीण' म्हणून कडेवर घेतं. याला कुणी काही म्हणत नाही. यूदिथाने त्याला परत मांडीवर घेतलं नाही. मुलगा घरी असताना परकं पोर कशाला घ्यायचं, असं तिचा चेहरा सांगतो.

परवा ते खेळता खेळता रडत घरी आलं. केतुरा दिव्याशी बसून बूट शिवत होती. एनोक ओट्याच्या कडेला बसून नवं वल्हं तासत होता.

"आई, सगळी पोरं विचारतात. मी कोण आहे?"

केतुराच्या ओठांवर एक नाव आलं. तिच्या गेलेल्या बापाचं, तिचं लाडकं. किती दिवसांपासून ते तिथे होतं. तिने मुलाला जवळ ओढलं आणि तोंड उघडलं.

लाकूड तासण्याचा आवाज थांबला होता.

तिने वर पाहिलं नाही. एनोक मान किंचित कलती करून, अगदी शांतपणे, तिच्या उत्तराची वाट बघत होता.

"कुणी नाहीस," ती मुलाला म्हणाली. "जा, खेळ जा."